पोटातल्या बुरशीची गोष्ट

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेलं भाषण. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, वीस मिनिटं बोलायचं, विषय ज्याचा त्यानं निवडायचा, फक्त कृत्रिम बुद्धिमत्ता नको, त्यावर आधीच तिघांनी नावं दिली आहेत. मी म्हटलं, मग आतड्यातल्या बुरशीवर बोलते. पलीकडे जरा वेळ शांतता, आणि मग प्रश्न आला, "जेवणाच्या आधी ठेवू की नंतर?" आधीची वेळ मिळाली आहे. कुणाच्या भुकेवर परिणाम झाला तर जबाबदारी संयोजकांची.

मी डॉक्टर नाही. आपल्या तुकडीत चार डॉक्टर आहेत, ते समोरच बसलेत, कुठे चुकले तर त्यांनी खुशाल हात वर करावा. मी सॉफ्टवेअर लिहिते. पण गेली काही वर्षं माझ्या सॉफ्टवेअरमध्ये येणारी माहिती ही माणसाच्या आतड्यातल्या सूक्ष्मजीवांच्या डीएनएची आहे. त्यामुळे या मंडळींशी रोजचा संबंध येतो.

जीवशास्त्राच्या बाईंनी आपल्याला पावाचा तुकडा ओला करून झाकून ठेवायला लावला होता, आठवतंय? चार दिवसांनी त्यावर हिरवं-काळं मखमलीसारखं उगवलं आणि मागच्या बाकावरच्यांनी ते पुढच्यांच्या नाकाशी नेलं. ती बुरशी. आणि ज्या यीस्टनं तो पाव मुळात फुगला होता, पुस्तकातलं 'किण्व', तीही बुरशीच, फक्त एकेका सुट्या पेशीची. आतड्यात राहते ती मुख्यत्वे ही दुसऱ्या जातीची. तीन नावं लक्षात ठेवली तरी पुरे. कॅन्डिडा, तान्ह्या बाळाच्या जिभेवर पांढरा थर धरते ती. सॅकरोमायसिस, म्हणजे पावाचं आणि बिअरचं यीस्ट. आणि मॅलासेझिया, डोक्यातल्या कोंड्याशी जिचं नाव जोडलेलं आहे ती.

संख्येनं हे सगळे मिळून किरकोळ. आतड्यातल्या सूक्ष्मजीवांची सगळी जनुकं मोजली तर बुरशीचा वाटा ०.१ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी भरतो. पण यीस्टची एक पेशी जीवाणूपेक्षा आकारमानानं शंभरेक पट मोठी असते. म्हणजे डोकी थोडी, पण एकेक जण जागा अडवून बसणारा.

यातले खरे रहिवासी किती आणि पाहुणे किती, हाही प्रश्नच आहे. २०१८ साली अमेरिकेतल्या एका छोट्या अभ्यासात निरोगी माणसांना काही दिवस यीस्ट नसलेलं अन्न दिलं, तर त्यांच्या शौचाच्या नमुन्यांतून पावाचं यीस्ट दिसेनासं झालं. दात नीट घासायला लावले तर कॅन्डिडाही कमी झाली. म्हणजे आतड्यातली म्हणून मोजलेली बुरशी बरीचशी नाश्त्याच्या पावातून आणि तोंडातून खाली उतरलेली होती. बरे असतानाचं आतडं बुरशीला फारसं थारा देत नाही, असा त्याचा अर्थ. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता माझ्या धंद्यातली एक तक्रार. आतड्यातल्या जीवाणूंचा अभ्यास गेल्या वीस वर्षांत प्रचंड झाला आणि बुरशी मागे राहिली, याचं एक साधं कारण आहे. जीवाणू ओळखण्यासाठी त्यांच्या डीएनएतला एक ठरावीक तुकडा वाचतात. बुरशीत तो तसा नसतो, तिच्यासाठी वेगळा तुकडा वाचावा लागतो आणि तो कोणता यावर औपचारिक एकमत व्हायला २०१२ साल उजाडलं. शिवाय बुरशीच्या पेशीची भिंत जाड, कायटिनची. जीवाणूंसाठी बेतलेल्या रसायनांनी ती धड फुटतच नाही, मग आतला डीएनए बाहेर येणार कुठून? आणि नावांचा गोंधळ तर विचारूच नका. बुरशीच्या लैंगिक आणि अलैंगिक अवस्थांना वेगवेगळी नावं देण्याची जुनी पद्धत होती. कॅन्डिडा क्रुसाय, पिकिया कुद्रियावझेवी आणि इसाचेन्किया ओरिएंटालिस ही एकाच जिवाची तीन नावं आहेत. आपल्या हजेरीपटात एकाच मुलाचं नाव तीनदा असतं आणि सरांनी तिन्ही वेळा 'गैरहजर' लिहिलं असतं, तर जे झालं असतं ते आमच्या माहितीसाठ्यात होतं.

तर मूळ मुद्द्याकडे येते. कॅन्डिडा बहुतेकांच्या पोटात मुकाट राहते. तिला दोन रूपं आहेत. एक गोल यीस्टचं, निरुपद्रवी. दुसरं लांब तंतूंचं, आतड्याच्या अस्तरात घुसणारं. तंतूंच्या रूपात ती एक विष सोडते, कॅन्डिडालायसिन. हे सापडलं अगदी अलीकडे, २०१६ साली, लंडनमध्ये. माणसाला आजारी पाडणारी ही बुरशी शंभराहून जास्त वर्षं ओळखीची, पण तिचं हत्यार काल-परवा हाती लागलं.

तिला यीस्टच्या रूपात बांधून ठेवणारे दोघे. एक आपली रोगप्रतिकारशक्ती: आतड्यात पाझरणारी आयजीए नावाची प्रतिपिंडं नेमकी तंतूंच्या रूपावर चिकटतात आणि गोल यीस्टला बऱ्यापैकी सोडून देतात, असं २०२१ साली दिसून आलं. आणि दुसरे म्हणजे शेजारी, आतड्यातले जीवाणू. ते जागा अडवतात, खाणं संपवतात, बुरशीला न मानवणारी आम्लं तयार करतात, आणि आतड्याच्या अस्तराला बुरशीविरोधी द्रव्यं तयार करायला लावतात. प्रयोगशाळेतल्या उंदराच्या आतड्यात कॅन्डिडा अल्बिकन्स वसवायची असेल तर बहुतेक वेळा आधी अँटिबायोटिक देऊन त्याचे जीवाणू मारावे लागतात. एरवी ती तिथे टिकतच नाही.

माणसांवर हा प्रयोग १९४०च्या दशकात नकळत झाला. पेनिसिलिन आलं, मागोमाग इतर अँटिबायोटिक्स आली, मरणारी माणसं वाचू लागली. आणि त्यातल्या काहींच्या तोंडात, आतड्यात कॅन्डिडा माजू लागली. अँटिबायोटिक जीवाणू मारतं, बुरशीला ते काही करत नाही. शेजार रिकामा झाला की ती पसरते. तिच्यावर सुरक्षित औषध तेव्हा नव्हतं.

ते शोधलं दोन बायकांनी, आणि ही हकिगत मला फार आवडते. एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन, दोघी न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात नोकरीला. हेझन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, न्यूयॉर्क शहरातल्या प्रयोगशाळेत. ब्राउन रसायनशास्त्रज्ञ, ऑल्बनीला. मध्ये दोनशेहून जास्त किलोमीटर. दोघींचं काम चालायचं टपालानं. हेझन ठिकठिकाणची माती मागवायची, तिच्यातले जीवाणू वाढवायची, त्यांपैकी कोणता बुरशीला मारतो ते पाहायची आणि तो काचेच्या बरणीत घालून ऑल्बनीला पाठवायची. ब्राउन त्यातलं द्रव्य वेगळं करून परत टपालानं पाठवायची. मग हेझन ते प्राण्यांवर तपासायची. बहुतेक द्रव्यं बुरशीबरोबर प्राण्यालाही मारत. अखेर एक जमलं, व्हर्जिनियातल्या एका ओळखीच्या माणसाच्या गोठ्याच्या शेतातल्या मातीतून. १९५० साली त्यांनी ते जाहीर केलं. तेव्हा हेझन ६५ वर्षांची होती. आपल्या कुठल्या कंपनीत ६५ वर्षांच्या बाईला प्रयोगशाळा देतात, हा प्रश्न मी इथे नुसता टाकून ठेवते. औषधाला नाव दिलं आपल्या राज्याचं: न्यूयॉर्क स्टेटवरून निस्टॅटिन. त्याचं मानधन सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर झालं. दोघींनी ते स्वतःसाठी न घेता संशोधनाला देऊन टाकलं. १९६६ साली फ्लॉरेन्सला पूर आला आणि भिजलेल्या चित्रांवर बुरशी चढली, तेव्हाही हेच औषध वापरलं गेलं.

आपल्याकडेही हे काम झालं आहे आणि ते आपण पार विसरलो आहोत. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठच्या दशकात हामायसिन हे निस्टॅटिनच्याच कुळातलं बुरशीविरोधी औषध तयार केलं. ते ज्या जीवाणूपासून मिळतं त्याचं शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. आपल्यातले निम्मे पिंपरी-चिंचवडला राहतात. गावाचं नाव एका जीवाणूला मिळालं आहे, हे त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर जरूर टाकावं.

आता थोडं घरचं सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्या बाबांच्या आतड्याला भोक पडलं. तातडीचं ऑपरेशन झालं, व्यवस्थित झालं. मग अतिदक्षता विभाग, मानेतल्या मोठ्या शिरेत नळी, शिरेतूनच पोषण, तीन प्रकारची अँटिबायोटिक्स. ती सगळी लागणारीच होती, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. बारावा दिवस. ताप उतरला होता तो पुन्हा चढला. अँटिबायोटिक बदललं, तरी चढलेलाच. रक्ताचं कल्चर पाठवलं. रिपोर्ट माझ्या हातात आला तो संध्याकाळी, जिन्यात, आणि त्यावर नाव होतं कॅन्डिडा ट्रॉपिकॅलिस. हे नाव मी रोज पडद्यावर बघते. ओळ क्रमांक, टक्केवारी, पुढची ओळ. त्या दिवशी ते बाबांच्या नावाखाली छापलेलं होतं.

पुढचे दिवस कसे गेले ते इथे सांगत नाही. नळी काढली, बुरशीचं औषध शिरेतून सुरू झालं. कल्चर स्वच्छ आल्यावरही ते चौदा दिवस द्यावं लागतं. मध्येच डोळ्यांचे डॉक्टर आले. आम्ही गोंधळलो, पोटाच्या पेशंटला डोळ्यांचे डॉक्टर कशाला? तर रक्तातली कॅन्डिडा डोळ्याच्या पडद्यावर जाऊन बसू शकते, म्हणून तपासतात. बाबांचे डोळे वाचले. बाबाही घरी आले, अकरा किलो वजन हरवून.

नंतर वाचत गेले तेव्हा कळलं, की आम्ही काही जगावेगळे नव्हतो. भारतातल्या २७ अतिदक्षता विभागांत २०११-१२ मध्ये एक मोठी पाहणी झाली होती, चंदीगडच्या पीजीआयच्या पुढाकारानं. तिथेच लागण झालेले रक्तातल्या कॅन्डिडाचे १४०० रुग्ण त्यात सापडले. सगळ्यात जास्त आढळली ती हीच, ट्रॉपिकॅलिस. ही बुरशी रक्तात येते कुठून? कधी नळीवरून, कर्मचाऱ्यांच्या हातांवरून. पण पुष्कळदा रुग्णाच्या स्वतःच्या आतड्यातून. २०२० साली न्यूयॉर्कमधल्या कॅन्सर रुग्णालयातल्या संशोधकांनी अस्थिमज्जा बदललेल्या रुग्णांचे शौचाचे नमुने दिवसागणिक तपासले. ज्यांच्या रक्तात पुढे कॅन्डिडा आली, त्यांच्या आतड्यात ती आधीच वाढू लागली होती, आणि त्याच वेळी तिथले जीवाणू घटत होते. म्हणजे इशारा आधी मिळू शकतो. माझ्या कामाचा मला जो काही उपयोग वाटतो तो इथे.

आपण पन्नाशीकडे आलो आहोत. आईवडिलांना घेऊन हॉस्पिटलच्या बाकावर बसण्याची वेळ आपल्यातल्या बहुतेकांवर येऊन गेली आहे किंवा येणार आहे. अँटिबायोटिक चालू असताना ताप पुन्हा चढला, तर "बुरशीचं काही असेल का?" एवढं डॉक्टरांना विचारायला हरकत नाही. खोल शिरलेली कॅन्डिडा जवळजवळ निम्म्या वेळा रक्ताच्या कल्चरमध्ये सापडतच नाही, त्यामुळे तो प्रश्न मूर्खपणाचा ठरत नाही. आणि "मानेतली नळी अजून लागणार आहे का?" हाही रोज विचारावा. चांगले डॉक्टर चिडत नाहीत.

आतड्याच्या दीर्घ आजारांतही बुरशीचं नाव येतं. क्रोन्सच्या पुष्कळ रुग्णांच्या रक्तात पावाच्या यीस्टविरुद्ध प्रतिपिंडं सापडतात, हे १९८०च्या दशकापासून माहीत आहे. २०१२ साली लॉस एंजेलिसच्या गटानं दाखवलं, की बुरशी ओळखणारं डेक्टिन-१ हे प्रथिन ज्या उंदरांत नाही, त्यांना आतड्याचा दाह जास्त तीव्र होतो. पण उलटंही आहे. २०१७ साली सिनसिनाटीच्या संशोधकांनी अँटिबायोटिक देऊन ज्यांचे जीवाणू घालवले होते अशा उंदरांच्या आतड्यात निव्वळ बुरशी वसवली, तर दाहापासून आणि फ्लूपासूनही त्यांचं काही प्रमाणात रक्षण झालं. तीच कॅन्डिडा, एकीकडे चोर आणि दुसरीकडे रखवालदार.

मथळ्यांपासून मात्र सावध राहा. २०१९ साली 'नेचर'मध्ये आलं, की आतड्यातली मॅलासेझिया स्वादुपिंडात जाऊन कॅन्सरला हातभार लावते. जगभर बातम्या झाल्या. २०२३ मध्ये त्याच नियतकालिकात दुसऱ्या गटानं तीच माहिती पुन्हा तपासून सांगितलं, की निष्कर्ष टिकत नाही. जिथे मुळात बुरशी नगण्य, तिथे हातमोज्यावरून, रसायनाच्या बाटलीतून आलेला चिमूटभर डीएनएसुद्धा शोध वाटू शकतो. यात लबाडी नव्हती. मोजमापच तितकं नाजूक आहे.

आणि एक करमणुकीची केस, मागच्या बाकावरच्यांसाठी. काही थोड्या माणसांच्या आतड्यात यीस्ट इतकं माजतं, की भात-पोळी खाल्ली तरी त्याची दारू होते. २०२४ साली बेल्जियममध्ये दारू पिऊन गाडी चालवल्याचा आरोप असलेला एक जण याच कारणानं निर्दोष सुटला. तो कामाला बिअरच्या कारखान्यात होता, हे वकिलाचं दुर्दैव. आपल्यापैकी कुणी घरी हे कारण सांगायचा विचार करत असेल, तर तपासणी दवाखान्यात, देखरेखीखाली होते हे लक्षात असू द्या.

आता जरा रोष पत्करते. आपल्याच ग्रुपवर गेल्या वर्षभरात मी तीनदा वाचलं: थकवा, पोट फुगणं, चिडचिड, विसरणं, या सगळ्याचं मूळ 'कॅन्डिडा वाढणं'. उपाय म्हणजे साखर-मैदा-पाव बंद, आणि एक पावडर, महिन्याला काही हजार रुपयांची. ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत सत्तर-ऐंशीच्या दशकात तिचं पेव फुटलं होतं, पुस्तकं लाखांनी खपली. मग अलाबामातल्या डॉक्टरांनी ती सरळ तपासली. असा त्रास सांगणाऱ्या ४२ बायकांना कधी निस्टॅटिन, कधी तसंच दिसणारं निर्गुण औषध दिलं. कोणतं चालू आहे हे बायकांनाही माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही. १९९० साली निकाल छापून आला. योनिमार्गाचा त्रास निस्टॅटिननं कमी झाला, पण थकवा, उदासी, अंगदुखी यांत दोन्हींचा गुण सारखाच. त्या बायकांचा थकवा खोटा नव्हता. कारण भलतं सांगितलं गेलं होतं. चाळिशीतल्या बाईला थकवा आला तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासा. ते पावडरीपेक्षा स्वस्त पडतं. साखर कमी करायला माझी ना नाही, पण ती कॅन्डिडाच्या नावानं करायची गरज नाही.

आपल्या हातात आहे ते शेजार न उठवणं. सर्दी-पडशाला, विषाणूच्या तापाला मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक आणायचं नाही. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. दिलं असेल तर सांगितलं तेवढं घ्यायचं.

अँटिबायोटिकबरोबर डॉक्टर कधी कधी यीस्टचीच पुडी देतात, जुलाब लागू नयेत म्हणून. सॅकरोमायसिस बुलार्डी. १९२०च्या दशकात आंरी बुलार नावाचा फ्रेंच शास्त्रज्ञ इंडोचायनात असताना कॉलऱ्याची साथ आली. तिथले लोक लिची आणि मँगोस्टीनच्या सालींचा काढा पीत होते, त्यावरून त्यानं ही यीस्ट वेगळी काढली. बुरशी असल्यामुळे तिला अँटिबायोटिक मारत नाही, हाच तिचा फायदा. पण ज्याच्या मोठ्या शिरेत नळी आहे किंवा प्रतिकारशक्ती फार खचली आहे, अशा रुग्णाला ती देत नाहीत, आणि त्याच्या खाटेजवळ पुडी फोडतसुद्धा नाहीत. तिचे कण नळीवाटे रक्तात गेल्याच्या घटना झाल्या आहेत. घरी ज्या पुडीनं पोट सुधारलं, तीच पिशवीत घालून आजोबांच्या आयसीयूत नेऊ नका.

मघाशी चहाच्या वेळी जीवशास्त्राच्या बाईंनी मला गाठून विचारलं, "मग आम्ही पाव खायचा की नाही? आणि ताकाचं काय?" बाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे सगळ्यांसमोर देते. भाजलेल्या पावातलं यीस्ट मेलेलं असतं, त्याचा डीएनए आम्हाला नमुन्यात दिसतो इतकंच. ताकात मुख्यतः जीवाणू असतात, म्हणजे शेजाऱ्यांच्या बाजूची माणसं. ती फार दिवस मुक्काम करत नाहीत, पण येऊन जाऊन असायला काय हरकत आहे? आजच्या जेवणात मसाले ताक आहे असं संयोजकांनी सांगितलं आहे. पावभाजीही आहे. रांग लागायच्या आत मी थांबते.